वेतूरिया आणि मागची उडी

वेतूरिया हांगानू पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये आली ती बापाच्या खांद्यावर बसून. तिचा बाप त्रायान खाणीत लाकडाचे टेकू लावायचा. सकाळची पाळी संपवून, अंघोळ उरकून, डोळ्यांच्या कडांना राहिलेल्या कोळशाच्या काजळासकट तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ही आमची पोरगी कपाटावरून उड्या मारते. कपाट नवीन आहे. तुम्ही हिचं काहीतरी करा."

मी तेव्हा त्या हॉलमध्ये पियानो वाजवायचे. मी मूळची सिबिऊ शहराची. नवऱ्याला लुपेनीच्या खाणीत नोकरी लागली म्हणून जिऊ नदीच्या या दरीत आले. संगीत शिकले होते, पण अख्ख्या गावात बरा म्हणावा असा एकच पियानो होता आणि तो जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये होता. पोरी जमिनीवरचा व्यायाम करायच्या, त्याला मी साथ द्यायचे. पुढे नवरा गेला, खाणी बंद पडल्या, पण मी काही त्या पियानोपासून उठले नाही. त्यामुळे वेतूरियाचं आयुष्य मी जवळजवळ बसल्या जागेवरून पाहिलं आहे.

पोरगी नऊ वर्षांची, काटकुळी, गुडघे कायम फुटलेले. आमच्या जुन्या कोचबाईंनी तिला बीमवर चढवलं. बीम म्हणजे माणसाच्या छातीइतकी उंच आणि अर्धी वीत रुंद अशी लांबलचक तुळई. नव्या पोरी तिच्यावर पहिल्यांदा उभ्या राहिल्या की हात पसरून रडकुंडीला येतात. ही त्या टोकापर्यंत चालत गेली, वळली आणि विचारलं, "आता काय करू?"

दर वसंतात ओक्ताव च्युरिया सर दरीत पोरी निवडायला यायचे. ते मूळचे लुपेनीचेच, खाणकामगाराचे चिरंजीव. डोंगरापलीकडच्या मोठ्या केंद्रात कोच झालेले, पदकं आणलेले. ते रस्त्याने चालले की लोक टोप्या काढायचे. सर पोरीचे खांदे फिरवून बघायचे, पाय ताणून बघायचे आणि मग शांतपणे पोरीच्या आईकडे बघायचे, पोरगी किती उंच होईल ते ताडायला. वेतूरियाची आई परास्किवा ठेंगणी होती. सरांनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि मान डोलावली. त्या दिवसापासून परास्किवाला कुणी बुटकी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ती रेशनच्या रांगेतसुद्धा ताठ उभी राहायला लागली.

केंद्रात काय चालायचं ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी आम्ही काय केलं असतं, कोण जाणे. वेतूरियाने मला ते पुढे बऱ्याच वर्षांनी, तुकड्यातुकड्याने सांगितलं. रोज सकाळी वजन. वजन वाढलं की जेवणात नुसती सफरचंदाची फोड. पोरी दात घासताना चोरून पाणी प्यायच्या. सरांच्या हातात काठी असायची, पण ती म्हणायची, काठीचं काही नाही, काठी सगळ्यांनाच होती. त्यांनी एखाद्या पोरीकडे बघणंच बंद केलं की मात्र तिचा जीव कासावीस व्हायचा.

तरी ती तिथे तग धरून राहिली, वर आलीही. चौदाव्या वर्षी परदेशातल्या स्पर्धेला गेली, बीमवर तिसरी आली. त्रायानने बिअरच्या गुत्त्यात सगळ्यांना पाजलं आणि घरी जाताना बर्फात पडला. लोकांनी त्याला उचलून आणलं, तेव्हा म्हणत होता, "मी पडलो तर चालतं. ती नाही पडली ना?"

मग पंधराव्या वर्षी एका सकाळी तिची मागची उडी गेली.

मागची उडी म्हणजे उभ्या जागेवरून पाठीमागे झेप घ्यायची, हात बीमवर टेकायचे आणि पाय वरून फिरवून पुन्हा बीमवर उतरायचं. ज्या ठिकाणी हात टेकायचे ते दिसत नसतं. वेतूरिया ही उडी झोपेतून उठवलं तरी मारायची. त्या सकाळी ती बीमवर उभी राहिली, हात वर केले आणि शरीर जागचं हललंच नाही. पडली नव्हती, कुठे दुखत नव्हतं. ती मला म्हणाली होती, "सबिनाताई, एखादा ओळखीचा शब्द ओठावर येऊन अडतो ना, तसं. फक्त शब्द आठवला नाही म्हणून कुणी मारत नाही."

च्युरिया सरांनी सगळे उपाय केले. ओरडले, काठी वापरली, जेवण बंद केलं, संध्याकाळपर्यंत बीमवर उभं केलं. मग तिच्याकडे बघणं बंद केलं. शेवटी एक दिवस केंद्रातल्या एका बाईबरोबर तिला बॅगेसह घरी पाठवून दिलं. त्या बाईने दारातच त्रायानला आणि परास्किवाला सांगितलं, की मुलीला शिस्त नाही, स्वयंपाकघरातून पाव चोरून खाते, इतर मुली बिघडतात. एवढं बोलून ती परतीची गाडी पकडायला गेली. त्या काळात वरून आलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

त्रायान पोरीला एका शब्दाने बोलला नाही, पण गुत्त्यात जाणं त्याने सोडलं. परास्किवानेही आरडाओरडा केला नाही. तिने फक्त फडताळाला कुलूप घातलं. वेतूरियाने तिला एकदाच, भांडी विसळता विसळता, खरं काय ते सांगितलं होतं. परास्किवा म्हणाली, "सर खोटं कशाला बोलतील?" त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही.

वेतूरिया हॉलमध्ये यायला लागली. घरी बसवत नव्हतं आणि शाळेत पोरं "पाव पाव" म्हणून चिडवायची. सुरुवातीला माझ्या पियानोशेजारच्या बाकावर बसून राहायची, सुरांची पानं उलटायची. एक दिवस कोचबाईंना खोकल्याने बेजार केलं होतं, त्या म्हणाल्या, तेवढं त्या बारकीला धर गं. बारकी म्हणजे सहा वर्षांची एक घाबरट मुलगी, हातांवर उभी राहायला शिकत होती. वेतूरियाने तिच्या कमरेला हात लावला. मी वाजवताना तिकडेच बघत होते. पोरीचा तोल जायच्या आधी वेतूरियाचा हात तिथे पोचलेला असायचा आणि पोरीला वाटायचं, मी माझी मीच उभी आहे. कोचबाईंचा खोकला दोन आठवड्यांत थांबला, पण त्यांनी बारक्या पोरी काही परत मागितल्या नाहीत.

अशी ती कोच झाली. संध्याकाळचे वर्ग केले, परीक्षा दिल्या, जुन्या बाई निवृत्त झाल्यावर हॉल तिच्या हातात आला. मधल्या काळात तिने एका बस ड्रायव्हरशी लग्न केलं. माणूस हसतमुख होता. सरकार पडल्यावर सीमा उघडल्या, तसा तो स्पेनला कामाला गेला, दोन नाताळांना कार्डं आली, तिसऱ्याला नाही. परास्किवा म्हणायची, "जावयाला तरी उडी जमली." वेतूरिया त्यावर हसायची. मला ते हसू आवडायचं नाही, पण मी बोलणारी कोण?

त्रायान त्याच सुमारास फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. मग खाणी एकेक करून बंद व्हायला लागल्या. माणसांना नुकसानभरपाई मिळाली, तिचे रंगीत टीव्ही आले, टीव्हीवर इटली दिसली आणि अर्धं गाव इटलीला गेलं. पोरं मागे राहिली, आजी-आजोबांकडे. शाळा सुटली की ती हॉलमध्ये यायची, कारण आजीपेक्षा हॉलमध्ये कमी प्रश्न विचारले जायचे. नगरपालिकेने आमचा बॉयलर बंद केला. वेतूरियाने कुठून तरी लोखंडी शेगडी आणली. पोरी लोकरीचे पायमोजे घालून सराव करायच्या आणि बीमवर चढायच्या आधी काढून पियानोवर वाळत घालायच्या. मी बोटं कापलेले हातमोजे घालून वाजवायचे. वरचे काही सूर थंडीने मुके झाले होते, ते मी तोंडाने गायचे.

मग महापौरांच्या मनात आलं, की हॉल जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याला भाड्याने द्यावा. वेतूरिया त्यांना भेटायला गेली, त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. ती बसली. पुढच्या वेळी पोरींना घेऊन गेली आणि म्हणाली, "वेळ फुकट घालवू नका, ताणाचे व्यायाम करून घ्या." पोरी नगरपालिकेच्या बोळात ओळीने पाय फाकवून बसल्या. पेन्शनीच्या कामाला आलेल्या म्हाताऱ्या काठ्या टेकत त्यांच्या पायांवरून ओलांडून जायच्या आणि "वा गं वा, अंगात रबर आहे का" म्हणून गालगुच्चे घ्यायच्या. दर सोमवारी हा कार्यक्रम. शेवटी महापौर दार उघडून म्हणाले, "बाई, घ्या तुमचा हॉल, पण माझा बोळ मोकळा करा."

तिच्या हॉलमध्ये वजनाचा काटा नव्हता. सराव सुरू होण्याआधी पावाची जाड फोड, तिच्यावर भाजलेल्या वांग्या-मिरचीची झाकुस्का फासलेली, प्रत्येकीने खाल्लीच पाहिजे. दुखतंय म्हणणाऱ्या पोरीला ती माझ्याशेजारी बाकावर बसवायची आणि खरंच दुखतंय का हे कधी विचारायची नाही. पालक कुरकुरायचे. एका बापाने तोंडावर सांगितलं, "बाई, तुमच्याकडे पोरी फुगतात आणि पदकं मात्र सुकतात." खरंच होतं. इतक्या वर्षांत आमच्या हॉलमधून राष्ट्रीय संघात एकही मुलगी गेली नव्हती.

मग स्मारांदा आली. तिची आई इटलीतल्या बर्गामोला एका आजारी म्हाताऱ्याची देखभाल करायची आणि उन्हाळ्यात पंधरा दिवस यायची. स्मारांदाला आजीने वाढवलं. पोरगी बोलायची कमी, पण बीमवर गेली की मला वाजवायचं भान राहायचं नाही. बारा वर्षांची झाली तेव्हा वसंतातल्या राष्ट्रीय कुमार स्पर्धेत तिचं नाव लागलं. सगळ्या गावाला हुरूप आला.

त्याच हिवाळ्यात च्युरिया सर लुपेनीला परतले. मधली वर्षं ते ग्रीसमध्ये शिकवत होते. बायको तिकडेच वारली, मूलबाळ नव्हतं. स्टेशनसमोरच्या इमारतीत त्यांनी लहानसा फ्लॅट घेतला. गावाला वाटलं, देव पावला. पालक मंडळी घोळक्याने वेतूरियाकडे आली. स्मारांदाची आजी पुढे होती. म्हणाली, राग मानू नका, बाई, पण एवढा मोठा माणूस गावात आहे आणि आपली पोरगी स्पर्धेला चाललीये.

वेतूरियाचा चेहरा मला दिसत होता. त्यावर काहीच हललं नाही. "हॉल गावाचा आहे," ती म्हणाली. "येऊ दे त्यांना. बसू दे."

ते दुसऱ्या दिवशी आले, टोपी हातात घेऊन. ऐंशीला टेकलेले, पाठीत वाकलेले, तरी बूट चकचकीत. वेतूरियाने त्यांना "या, सर" म्हटलं, माझ्याशेजारचा बाक दाखवला आणि हळू आवाजात सांगितलं, "इथे बसायचं. पोरींशी बोलायचं नाही. आणि हात खिशात."

मला वाटलं, आता हे निघून जातील. ते बसले. हात खिशात घातले. रोज यायचे, पुदिन्याच्या गोळ्या चघळत बसायचे. हात बाहेर आले नाहीत, पण पोरी बीमवर चढल्या की त्यांचे पाय बाकाखाली पोरींबरोबर पावलं टाकायचे.

हिवाळ्याच्या शेवटी, कार्निव्हलच्या सुमारास स्मारांदाची मागची उडी गेली. तशीच. बीमवर उभी राहिली, हात वर गेले आणि तिथेच थिजले. हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं, वेतूरियाला कळलं. ती बीमजवळ गेली आणि म्हणाली, "उतर. आज पाव तू काप." स्मारांदा पाव कापत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. वेतूरियाने तिला बीमवर पुन्हा चढवलंच नाही. बारक्या पोरींना कोलांटी शिकवायचं काम तिला दिलं.

पोरीनेच एकदा विचारलं, "बाई, तुमची उडी परत आली का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? जेवले, झोपले, मोठी झाले. तुझी येईल किंवा नाही येणार. पाव जाड काप."

आजीला हे सोसेना. एका दुपारी वेतूरिया औषधाच्या दुकानात गेली होती. तेवढ्यात आजी सरांच्या बाकासमोर येऊन उभी राहिली. "सर, तुम्ही एकदा हात घाला. बाई मायाळू आहेत, पण मायेने पोरगी बीमवर चढत नाही."

सर उठले. माझे हात पियानोवरच थांबले. ते सावकाश स्मारांदापाशी गेले. त्यांचे हात खिशातून बाहेर आलेले मला दिसले आणि मी उठले. पण त्यांनी पोरीला हात लावला नाही. समोरच्या गादीवर कष्टाने गुडघे टेकले आणि विचारलं, "काय होतं गं, हात वर केल्यावर?"

स्मारांदाने आधी आजीकडे बघितलं. मग म्हणाली, "मागचं काही दिसतच नाही. मागे काही नाहीच, असं वाटतं."

सर गादीवरच खाली बसले. दारात वेतूरिया औषधाची पिशवी घेऊन उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. तिने आजीला आणि पोरींना पाव खायला आतल्या खोलीत पाठवलं. मी जायला निघाले तर म्हणाली, "तुम्ही थांबा, सबिनाताई."

"तूसुद्धा हेच म्हणाली होतीस," सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "हेच शब्द."

"हो. आणि तुम्ही थोबाडीत मारली होती."

"मला वाटलं, हट्ट करतेस. असं काही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं, वेतूरिया. ग्रीसमध्ये एका पोरीला झालं, तेव्हा तिथल्या डॉक्टरने मला समजावून सांगितलं. त्या दिवसापासून मी..." ते गादीवरची धूळ हाताने झाडायला लागले. मग म्हणाले, "मला माफ कर."

वेतूरियाने पिशवी बाकावर ठेवली. "मला माफीचं काय करायचंय, सर? माझं मला केव्हाच समजलं. पण माझी आई अजून समजते, मी पाव चोरला. ते तिला जाऊन सांगा."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"ती आहे अजून. चालायला लागलात तर दहा मिनिटांचा रस्ता आहे."

त्यानंतर बरेच दिवस सर हॉलमध्ये फिरकले नाहीत. पालकांनी वेतूरियाला दोष दिला. मी मनात म्हटलं, पळाले. म्हाताऱ्या माणसाला पळायला गाडी लागत नाही, घराचं दार लावून घेतलं की झालं.

रविवारी मी हांगानूंकडे जेवायला असते. त्या रविवारी चर्च सुटल्यानंतर दारावर टकटक झाली. सर होते. काळा सूट, हातात केकचा खोका. परास्किवा टेबलाशी बसून आंबवलेल्या कोबीच्या पानांत खिमा-तांदूळ गुंडाळत होती, सरमाले करत होती. तिने मान वर करून बघितलं. ओळखलं की नाही, ते चेहऱ्यावर दिसलं नाही.

"बसा, सर," ती म्हणाली. ओळखलं होतं.

ते उभ्यानेच बोलायला लागले, तर तिने हात वर केला. "आधी खा. उपाशी माणूस वाटेल ते बोलतो." तिने त्यांच्यापुढे गरम सूप ठेवलं, मक्याच्या घट्ट मामालिगाचा तुकडा ठेवला. सर खायला लागले. आम्ही तिघी बघत होतो. इतक्या शांततेत कुणाला जेवताना मी पाहिलेलं नाही. चमचा खाली ठेवून ते म्हणाले,

"परास्किवाबाई, तुमच्या मुलीने काही चोरलं नव्हतं. ती घाबरली होती आणि मला ते ओळखता आलं नाही. वरच्यांना काहीतरी कारण द्यायला हवं होतं. मी ते दिलं. खोटं दिलं."

परास्किवाने हातातलं पान पुरतं गुंडाळलं, भांड्यात नीट बसवलं. दुसरं घेतलं. मग म्हणाली, "त्रायान म्हणायचा, घेतला असेल पाव तर घेतला, भूक लागली असेल पोरीला. मी त्याला म्हणायचे, हांगानूंच्या घरात चोर खपणार नाही म्हणून. तो तिच्या बाजूने होता." ती थांबली. "मी नव्हते."

सर काहीतरी बोलणार होते, पण ती त्यांच्याशी बोलतच नव्हती. ती वेतूरियाकडे वळली होती.

"तू सांगितलं होतंस मला. भांडी घासताना."

"हो, आई."

"मी म्हटलं, सर खोटं कशाला बोलतील."

"हो."

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?"

वेतूरिया खिडकीकडे बघत होती. "पुन्हा सांगितलं असतं तर तू पुन्हा तेच म्हणाली असतीस. मला ते दोनदा ऐकायचं नव्हतं."

परास्किवाने हात फडक्याला पुसले. मग सरांना म्हणाली, "आलात ते बरं केलंत. केक राहू द्या, पोरी खातील. आता तुम्ही जा. सबिना, तूसुद्धा जा. मला माझ्या मुलीशी बोलायचंय."

आम्ही दोघं बाहेर पडलो. जिऊ नदीच्या काठाने चालत आलो, पाण्यावर अजून बर्फाच्या पातळ कडा होत्या. पुलापाशी आमची वाट फुटली तेव्हा म्हणाले, "पोटभर वाढलं हो त्यांनी."

त्या घरात त्या दुपारी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. वेतूरियाने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सोमवारी ती हॉलमध्ये आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि आवाज नेहमीसारखा होता. पोरींनी केक खाल्ले.

सरही त्या सोमवारी आले, बाकावर बसले, हात खिशात घातले. तेव्हा वेतूरिया त्यांच्याजवळ आली. म्हणाली, स्मारांदाची मागची उडी स्पर्धेपर्यंत येणार नाही. सगळं पुढच्या बाजूने करायचं असेल, तर बीमवर काय बसेल? सरांनी विचार केला. मग खिशातून एक हात काढून बाकाच्या पाठीवर दोन बोटांनी पावलं टाकून दाखवली, पुढची कोलांटी, मग गिरकी, मग एका पायावर तोल. वेतूरियाने मान हलवली, म्हणाली, गिरकी आधी. त्यावर दोघांचा वाद झाला. मला त्या पावलांना साजेसं काहीतरी वाजवावं लागलं, म्हणून मीही वादात पडले. वसंतापर्यंत हे चाललं. त्यांच्या हातांबद्दल वेतूरिया पुन्हा कधी बोलली नाही, आणि त्यांनीही कुठल्या पोरीला हात लावला नाही.

स्पर्धेत स्मारांदा बीमवर सातवी आली. एकदाही डगमगली नाही, पण अवघड उड्याच नव्हत्या, तर गुण कुठून येणार? एका पंचाने वेतूरियाला ऐकू जाईल असं म्हटलं, इतकी चांगली मुलगी आणि कोच भित्री. आजी उन्हाळ्यापर्यंत आमच्याशी फुगून होती. रस्त्यात दिसली की आमच्या डोक्यांवरून डोंगराकडे बघायची.

उडी पुढच्या शरदात आली. स्मारांदा एका लहान पोरीला जमिनीवर आखलेल्या रेषेवर हात कुठे टेकायचे ते दाखवत होती आणि दाखवता दाखवता तिने उडी मारली. मग थबकली. वेतूरियाकडे बघितलं. वेतूरिया म्हणाली, "बघितलं मी. तिला परत दाखव, तिला नीट कळलं नाही." बास. त्यावर टाळ्या नाहीत की मिठ्या नाहीत. पण त्या संध्याकाळी हॉलला कुलूप लावताना तिला किल्लीचं भोक सापडेना, शेवटी मीच लावलं.

पदक स्मारांदाला मिळालं नाहीच. सोळाव्या वर्षी ती आईकडे बर्गामोला गेली. हल्ली तिकडे दुखापत झालेल्या खेळाडूंना चालायला-फिरायला शिकवते. रविवारी फोन करते, अर्धं इटालियन बोलते आणि वेतूरिया तिला दर वेळी म्हणते, "रोमानियनमध्ये बोल, मला तेवढंच येतं."

च्युरिया सर आणखी काही वर्षं आमच्या बाकावर बसले. शेवटच्या हिवाळ्यात जिना चढवेना, तेव्हा मोठ्या पोरी त्यांना धरून आणायच्या. गेले तेव्हा मोठ्या केंद्राकडून पुष्पचक्र आलं, त्यांच्या जुन्या पदकवाल्यांपैकी एकदोघी आल्या. घरचं कुणी नव्हतं. मेलेल्या माणसासाठी शिजवलेल्या गव्हाची गोड कोलिवा करावी लागते, ती कोण करणार, हा प्रश्न होता. स्मशानात पोचलो तर परास्किवा परात घेऊन आधीच उभी होती, वर साखरेचा क्रूस नीट काढलेला. मी तिच्याकडे बघितलं, तशी म्हणाली, "माझ्या घरी जेवला होता. एवढं करावं लागतं."

आता परास्किवाही नाही. वेतूरिया कागदोपत्री निवृत्त झाली आहे, पण नवी कोच या दरीत यायला तयार होत नाही, म्हणून हॉलची किल्ली तिच्याकडेच आहे. छताला नवे पत्रे बसले. पियानो कुणीतरी दुरुस्त करून दिला, वरचे सूर आता वाजतात, फक्त माझी बोटं आखडतात. परवा एक आई मुलीला घेऊन आली. कुटुंब नुकतंच जर्मनीहून परतलेलं, पोरीला रोमानियन धड येत नाही, दाराशी आईचा कोट धरून उभी. आई घाईघाईने सांगायला लागली, की हिला काहीच येत नाही, ही फार लाजाळू आहे. वेतूरियाने ऐकून घेतलं, पोरीच्या हातात पावाची फोड दिली आणि तिला माझ्याशेजारी बसवलं. पोरगी खात होती आणि माझ्या हातांकडे बघत होती. मी तिच्यासाठी थोडं सावकाश वाजवलं.